निळा जास्त

उजव्या डोळ्याची पट्टी काढून आज नववा दिवस.
डाव्याची पाळी अक्षय्य तृतीयेनंतर.
तोवर माझ्याकडे दोन पवारनगरं आहेत :
डाव्या डोळ्यातलं, ट्रंकेत तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राचं,
आणि उजव्यातलं, आत्ताच पिळून दोरीवर टाकलेलं.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो
येऊरच्या उतारावरून, पाण्याचा टँकर येतो त्याच सुमाराला.
अंगठ्याएवढा जीव.
फुलाच्या देठाशी भोक पाडून
मागच्या दाराने मध चोरतो.
मी आधी उजवा डोळा मिटते, मग डावा.
एकात काळा पक्षी.
दुसऱ्यात... थांबा, शब्द शोधते.
तेहतीस वर्षं रंगांना नावं ठेवायचंच तर काम केलं.

कोलशेतच्या कारखान्यात, शेड जुळवायच्या टेबलासमोर
एक कॅलेंडर होतं. जुलैच्या पानावर हमिंगबर्ड.
कुठल्याशा परक्या डोंगरातला,
जिथं जंगल बाराही महिने ढगात असतं म्हणे.
अंगापेक्षा लांब शेपूट, मुळाशी मोरपंखी, टोकाकडे जांभळं,
आणि गळ्यावर असा एक निळा
की वर्ष संपलं तरी पान उलटायला कुणी तयार नाही.

मोतीराम भोईर मिक्सिंगला होता, बाळकुमचा.
त्यानं पैज लावली, हा गळा डब्यात आणून दाखवतो.
जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी, एका हातात काडी.
थेंबभर निळा, थेंबभर जांभळा, चिमूटभर चंदेरी.
झाकणावर लावायचा, उन्हात धरायचा,
मान तिरकी करून कॅलेंडरकडे बघायचा.
अठ्ठावीस झाकणं झाली.
मग थिनरने बोटं पुसत म्हणाला,
"बाय, यो रंग डब्यान येनार नाय.
मना वाटतं, त्या पाखरानपन नसल.
उजेर परला का येत असल, पावन्यासारा."
आम्ही हसलो.
पिसात तो रंग नसतोच, नुसता उजेड वाकतो,
हे मला पुढे कधीतरी वाचून कळलं.

चारशे सतरा नंबरच्या लॉटला मात्र कुणी हसलं नाही.
माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती.
तो म्हणाला, बाय, निला जास्त वाटतंय.
मी नमुना पट्टीशी लावला, खिडकीशी नेला,
मला दोन्ही एकच. सही केली.
बारा ड्रम पुण्याहून परत आले.
साहेबांसमोर मी म्हटलं,
माझ्या सहीनंतर यानं काही टाकलं असेल.
माझ्याकडे एकतीस वर्षांचा डोळा होता,
त्याच्याकडे रंगलेली नखं.
त्याची त्या वर्षीची पगारवाढ गेली.
तरी माझ्या निरोपाला आला, नारळ दिला,
आणि पैजेतलं शेवटचं झाकण, रुमालात गुंडाळून.

ते आज माळ्यावरून काढलं.
डाव्या डोळ्यानं : बरा आहे, जरा मळकट.
उजव्यानं :
अगं बाई.

डॉक्टरांना विचारलं होतं, हे कधीपासून असेल?
"दहा-बारा वर्षं. हळूहळू पिकत जातं.
माणसाला कळत नाही,
सगळंच सारखं पिवळं होत जातं ना."

कठड्यावर शिंजिराने मान वळवली.
गळा पेटला, विझला,
पुन्हा पेटला.
माझ्या हातात झाकण, त्याच्या चोचीला पराग,
दोघांनाही एकमेकांचं काही देणं नाही.

फोन सुनेनं उचलला.
बाबा खाडीवर गेलेत, जाळं घेऊन. कोण म्हणून सांगू?
म्हटलं, कारखान्यातल्या गुप्तेबाई.
त्यांना एवढंच सांगा, चारशे सतरा.
निळा जास्त होता.
"थांबा हां, लिहून घेते," ती म्हणाली,
"चारशे सतरा काय? रुपये?"