कधीतरी या

अशोक चौकाच्या मागं, तिसऱ्या बोळात
आमचं पत्र्याचं शेड, बारा माग.
तिथं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही,
ओठ हलतात, बोटं हलतात, भागतं.
तिथं माझा भाऊ इतरांसारखाच.
म्हणजे, इतर त्याच्यासारखे.

एवढा खडखडाट कसा सोसतो,
ज्याला कुकरची शिट्टी सोसत नाही?
विचारलं मी एकदा.
"अक्का, माग सांगून वाजतो."

वीज गेली की माग थांबतात
आणि माणसं सुरू होतात.
काय करलालास बे, लगीन कधी, हसत का नाहीस,
तेव्हा अंबादास दोन्ही कानांवर
टॉवेलाचा गठ्ठा दाबून बसतो.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला,
त्याच्या एकेचाळिसाव्या वर्षी.
चौकोनात खूण करा.
नजरेला नजर देतो का?
तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो का?
मला धोटा आठवला. जातो, येतो, जातो, येतो,
त्यावर तर आमची चादर उभी.
गुपचूप माझ्याही खुणा मोजल्या.
नऊ आल्या. सांगितलं नाही कुणाला.

वडनालकाकू नळावर म्हणाल्या,
"या की जेवायला, कधीतरी."
"येऊ की," मी म्हटलं.
बोलावणं नव्हतं, येणं नव्हतं,
दोघींनाही ठाऊक.
मागून तो म्हणाला, "कुठला वार?"
काकूंची घागर भरून वाहायला लागली.
"बेस्तरवार," म्हणाल्या कशाबशा.

बेस्तरवारी सातला
इस्त्रीचा शर्ट, शेंगाचटणीची पुडी,
त्यांच्या कुलपासमोर उभा.
नऊ वाजता मी आणायला गेले.
ऊन कधीच गेलेलं, फरशी अजून तापलेली.
"अरे, तसं म्हणायची पद्धत असते."
"मग खरंच बोलवायचं असलं तर काय म्हणतात?"

मी तेलुगू घरात बोलते, मराठी बाजारात,
कानडी उधारीवर.
तिन्हीत शोधलं.
तेच शब्द निघाले.

पायरीवर बसलो. पुडी सोडली त्यानं,
निम्मी माझ्या तळहातावर, मोजून.

दहाला रिक्षातून काकू उतरल्या,
कुठल्याशा लग्नाचा गजरा वाळलेला.
"अगंबाई, आलाव व्हय? या की आत, बसा."

अंबादास माझ्याकडं बघत राहिला,
म्हणजे माझ्या कानाकडं, नेहमीसारखा:
हे खरं, का पद्धत?

काकू किल्ली शोधत होत्या.
मला सांगता येईना.