राखेची बाग

फलकावर वेगळं नाव आहे, तिसऱ्यांदा बदललेलं.
ते सांगितलंत तर रिक्षावाला भलतीकडेच नेईल.
राखेची बाग म्हणा.

गिरणीच्या बॉयलरची राख इथं पडायची.
ढीग एवढा, की वर चढलं
तर भोंग्याचं तोंड दिसतं असं आम्ही म्हणायचो.
पहाटे बायका चाळणी घेऊन यायच्या
न जळलेला कोळसा वेचायला.
नरसम्मा बोल्ली त्यांतली एक.

मग एका निवडणुकीआधी ढीग सपाट झाला;
वर दोन बोटं माती, एक घसरगुंडी, चार बाकं.
गुरुसिद्ध माळी म्हणाला, राखेत काय उगवतंय, डोंबल!
कडुलिंब उगवले.
लिंबाला कोण विचारतं.

पहिली कपात झाली त्या साली
दुपारी बाकांवर मुलं नव्हती.
साचेवाले बसायचे, मांडीवर डबा,
पहिल्या पाळीचा भोंगा सुटला की उठायचे
आणि घरी जायचे, दमल्यासारखे.
माझे वडील तिसऱ्या बाकावर.
आम्हाला पत्ता नव्हता.
आईला होता:
सदऱ्यावर कापसाचं तूस येईना,
कॉलरमध्ये लिंबाचा मोहोर सापडायचा.
ती तो झटकायची न बोलता,
आणि दुसऱ्या दिवशी डबा भरायची.

पुढे भोंगाच बंद झाला.
तरी ते साडेतीनला उठायचेच.

पाणी पाचव्या दिवशी येऊ लागलं
तेव्हा हिरवळ गेली, गुलाब गेले, माळीही गेला.
नरसम्मा रंगखान्यातलं उरलेलं पाणी आणून ओतायची,
कधी जांभळं, कधी शेंदरी.
झाडं मरतील की, मी म्हणालो.
ती म्हणाली, नीळ्ळु ते नीळ्ळुच की बे.
दोन झाडं मेली खरी.
बाकीची अजून आहेत.

आता बोअर आहे, दिवे आहेत,
उघड्यावरची व्यायामशाळा आहे.
तिसऱ्या बाकाच्या जागी
जागच्या जागी चालायचं यंत्र.

काल नातीनं झोक्याखाली उकरून
एक काळा, भोकाभोकांचा खडा काढला.
आजोबा, हा दगड एवढा हलका कसा?
म्हटलं, जळून झालंय त्याचं.
तिनं तो फ्रॉकच्या खिशात टाकला
आणि घसरगुंडीकडे पळाली.
मी घड्याळ पाहिलं.
साडेतीन. उगाच उभा राहिलो होतो.