आल्म

मांद्र्याची खोली नंबर दोन एप्रिलात रिकामी झाली.
भाडं चुकतं. बादली घासून पालथी.
भिंतीवर मात्र तिनं एक चित्र ठेवलं,
चार कोपऱ्यांना चिकटपट्ट्या, चारी वेगळ्या रंगांच्या.
रशियन बाईनं काढलेलं, म्हणाली होती, शंभर वर्षांमागे.
आणि पुढचे शब्द नव्हते म्हणून हातानं दाखवलं:
खांदा, हनुवटी, गज.

मला आधी फुटकी खिडकी दिसली.
मग फणसाच्या फळीचे रेषे, रंगानं काढलेले.
मग एक कान, दुसरा कान भलतीकडेच,
आणि तारा, ज्या मध्येच थांबून
दुसऱ्या रंगात शिरल्यावर पुन्हा सुरू होत होत्या.

शुक्रवारी म्हापशाला गेले.
कुस्तोद मेस्ताकडे लेकाचं व्हायोलिन पडलंय दोन वर्षं.
लेक जहाजावर. दुरुस्त करा म्हणायचं की विका,
बाजार झाला तरी ठरत नव्हतं.
गुंडाळी पिशवीत होती, भेंड्यांच्या वर.

मेस्तानं एका टोकाला सरसाचं भांडं ठेवलं,
दुसऱ्याला खिळ्यांचा डबा. चष्मा पुसला.
"बरें उगडलां," म्हणाला.
ही पोटाची फळी. ही पाठ. ही बरगडी,
ओली करून वाकवतात, इथे ती पुन्हा सरळ झालीय.
मान उलटी? बरोबर. सुकताना मीही अशीच टांगतो.
आणि ही अक्षरं?
ती पेटीवरची असणार.
वाचता दोघांनाही येत नव्हती.

मग त्याचं बोट तपकिरीवरून राखाडीवर,
राखाडीवरून काळ्यावर फिरत राहिलं,
तांदळात खडा शोधावा तसं.
"आल्म खंय?"

आल्म म्हणजे काठी. पेन्सिलीएवढी.
आत, घोडीच्या एका पायाजवळ.
ना सरस, ना खिळा. नुसत्या दाबावर उभी.
पोर्तुगीज तिला आत्मा म्हणत, आम्हीही तेच म्हणतो.
तारा एकदम सोडल्या तर पडते.

मी म्हटलं, आतलं चित्रात कसं दिसेल?
"चोहोबाजूंनी पाहिलंय ना तिनं? मग?"
आणि रागावल्यासारखा उठला,
खुंटीवरून लेकाचं व्हायोलिन काढून
माझ्या कानाशी हलवलं.

आत काहीतरी गडगडलं,
वाळल्या शेंगेतल्या बीसारखं.

किती होतील, विचारलं.
तो आकडा बोलला. तेवढे नव्हते.
होते ते दिले, चित्रही तिथेच राहिलं,
रंध्याच्या वरच्या भिंतीवर, मेस्तानं किंचित तिरकं ठोकलेलं.

खोलीत आता नवा माणूस आहे.
चिकटपट्ट्यांचे चार डाग दाखवून
इथे काय होतं, विचारतो.
भेंडी चिरता चिरता मी सुरी खाली ठेवते.
खांदा. हनुवटी, ती चुकीच्या बाजूला वळते.
गज.