चिमूटभर कमी

आबा मटणाचे आचारी.
जावळं, मानता, हळदीची जेवणं:
अमळनेरपासून पारोळ्यापर्यंत लोक तारीख आधी
झिपरू आचाऱ्याला विचारतात, मग भटजींना.

मी त्यांचा मुलगा. खात नाही.

लहानपणी मीठ मीच चाखायचो.
वाटीत रस्सा, त्यावर फुंकर,
आणि दीडशे माणसांची भूक
माझ्या जिभेकडे बघत उभी.

का सोडलंस, याला आजवर चार उत्तरं दिली:
डॉक्टर, पोट, एका बाबांचा उपदेश, उगीच.
पाचवं कुणाला सांगितलं नाही.
बोरीकाठच्या एका जावळाच्या आदल्या रात्री
बोकड माझ्या बाजेच्या पायाला बांधला होता.
वैशाख. झोपेत लोंबणारा माझा तळवा
तो चाटत राहिला, घाम खारट म्हणून.
मी हात ओढून घेतला नाही. एवढंच.
दुसऱ्या दिवशी वाटी पुढे आली
तेव्हा मीठ लागलं नाही,
एक खरखरीत जीभ लागली माझ्या जिभेला.

हिंमत म्हणतो, भो, नुसता रस्सा ले,
फोडी मी काढी लेस.
उखा विचारतो, अंडं बी नही? मासा बी नही?
मंग जगस कसा?
तरी हिवाळ्यात मळ्यावर जमलो की
कोंबडीला हात लागायच्या आत
माझी वांगी भाजून बाजूला ठेवतात,
केळीच्या पानाखाली, न बोलता.
एकदा मी भाषण केलं.
जीव, डोळे, सुरी, सगळं आलं त्यात.
काट्या धडधडत होत्या, माणसं विझली.
हिंमतनं ताट खाली ठेवलं.
तो उपाशीच झोपला, हे मागाहून कळलं.

जळगावात खोली बघायला गेलो.
मालकांनी विचारलं, खात नाही ना?
नाही, म्हणालो. किल्ली मिळाली.
खरं बोलूनही
खोटी सही केल्यासारखा हात जड झाला.
पुढच्या रविवारी आबा आले,
सदऱ्याला काळ्या मसाल्याचा वास.
मालकांचं नाक जिन्यातच वर झालं.
हे कोण?
'वडील' म्हणायला मला
एक पायरी उशीर झाला.
आबांनी ती पायरी मोजली असणार.
ते माणसं मोजून भाकऱ्या सांगतात.

मसाला भाजेपर्यंत आम्ही एकच घर.
कांदा, खोबरं, धणे, दगडफूल
काळंभोर होईस्तोवर मीच हलवतो,
पाट्यावर मीच वाटतो.
फाटा त्यानंतर फुटतो:
मोठ्या पातेल्यात त्यांचं,
माझ्या भगुन्यात शेव.

मागल्या वर्षीच्या तापात आबांची चव गेली.
बोलले नाहीत कुणापाशी.
पण परवा धरणगावच्या जावळाला
पळी अचानक माझ्याकडे वळली.
पोऱ्या, आठे ये. मीठ देख.

देख म्हणाले.
चाख म्हणाले नाहीत.

मी पातेल्यावर वाकलो.
वाफ, तवंग, बुडबुडा फुटतानाचा तो जाड आवाज.
वीस वर्षं ज्या वासापासून तोंड फिरवलं
तो पाठ होता मला.
चिमूटभर कमी, म्हणालो.
दोनशे पानांची चिमूट म्हणजे आबांची मूठ.
त्यांनी टाकली. विचारलं नाही, नक्की का.
पंगतीत कुणी मीठ मागितलं नाही.

भांडी उलथी पडल्यावर माझं भगुनं आलं,
झाकलेलं, वेगळी पळी आत.
शेवभाजी त्यांनी एकट्यानं केली होती,
मलासुद्धा न दाखवता.

खारट. गालफडं आवळतील इतकी.

आबा समोर उकिडवे बसलेले,
पागोट्यानं मान पुसत.
जमनी का?

मी कळण्याची भाकरी कुस्करली,
आणखी एक पळी वाढून घेतली.