अखंड दांडी

एकवीस नगांची पेटी मी तिच्यापुढे उघडली.
आत निळी मखमल, पितळी टोकं,
निम्म्यांची नावं मलाही येत नाहीत.
नायाराकनं हातमोजा काढला,
एका टोकाला बोट लावलं,
आणि झाकण मिटलं, दुसऱ्याच्या घराचं दार ओढून घ्यावं तसं.

“एकच दांडी दे. अखंड.
जोडाची वाकते,
मग नळीला आतून ओरखडत बसते.”
खिडकीतल्या उजेडात तिनं दांडी धरली, एक डोळा मिटून.
बाहेर उपरनाविकच्या बंदरात बर्फ करकरत होता.

ब्रश कांस्याचा, टू-टू-टूचा.
तेल?
“तेलाला उन्हाळ्यात ये म्हणावं.
आत्ता बोल्टातच गोठतं.”
चिंध्या?
“नवऱ्याचे गंजी आहेत की.
त्याला अजून सांगितलं नाही.”

सुटे पैसे मोजताना थांबली.
“जूनमध्ये एक सील नुसताच जखमी केला मी.
हार्पून घेऊन पोचेपर्यंत बुडाला.
पाण्यावर तवंग तेवढा.
नळीत मळ होता.
म्हणजे, माझा आळस होता.”

ती गेल्यावर पेटी परत फळीवर ठेवायला घेतली.
पितळेवर एक ठसा होता.
विकायची वस्तू, पुसायला हवा होता.
राहू दिला.