कुळ अनिश्चित

आचऱ्याच्या खाडीकडे तोंड करून मांडलेलं टेबल,
त्यावर चंद्रपूरहून आलेलं खोकं:
मांडीच्या हाडाचं वरचं टोक,
जबड्याची वीतभर कड, दातांच्या खोबणी रिकाम्या,
शेपटीचे तीन मणके.
एवढ्यावरून एका जनावराला आडनाव लावायचं आहे.

आमच्या जांभ्यात असलं काही सापडत नाही.
इथे लाव्हा आला
आणि खालचं सगळं झाकून बसला.

दुपारी आवडू तांडेल टोपली उतरवून आत आली.
ताटातल्या एका काट्यावरून
सुरमई की घोळ, सांगणारी बाई.
हात पदराला पुसून तिने मणके उचलले,
अंगठ्याने चाखले,
तिसरा बाजूला सरकवला:
"ह्यो हेंच्या घरातलो न्हय."

मी हसलो.
मग रात्रभर कॅलिपर लावत बसलो.
तिसऱ्याची पोकळी वेगळी, कडेचा उतार वेगळा.
कुणा पाला खाणाऱ्याचा असेल,
त्याच पुरात वाहत आलेला;
किंवा ह्यानेच खाल्लेला.

सकाळी दारातूनच तिचा आवाज:
"नाव घातलंस?"
नाही, म्हटलं.
"दात खंय आसत?"
नाहीत.
"मगे रव."

भरतीचं पाणी आता पायरीला लागलंय.
चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलंय:
मोठा, दोन पायांवर चालणारा, मांस खाणारा.
मणके दोन. तिसरा वेगळ्या डबीत.
कुळाच्या जागी नुसती रेघ ओढली आहे,
जरा लांबच,
पुढे कुणाला दात सापडला
तर नाव मावावं म्हणून.