पाचवी मात्रा

योहान गावितनं क्लॅरनेटच्या पेटीतून कागद काढला.
चिंचपाड्याच्या दवाखान्यातली म्हातारी डॉक्टरीण
देश सोडून परत जाताना
त्याच्या बापाला देऊन गेली होती, पेटीसकट.
पाच रेघा, त्यांवर काळी टिंबं.
मला तर तारेवरच्या साळुंक्याच दिसल्या.

गॅलियार्ड, तो म्हणाला.
चारेकशे वर्षांपूर्वी तिकडच्या दरबारात
राजे यावर उड्या मारायचे, तलवार कमरेला तशीच.
आधी जोडीजोडीनं संथ चालायचं, मोरागत,
मग हे.
हिरामण मास्तर हसले,
म्हणजे वरातच की.

नंदुरबारात मिरचीच्या पथारीमागं आमची तालीम.
जानेवारीचं ऊन, हवेत लाल तिखट.
सहा मात्रा? दादराच, मी म्हटलं, हातातला आहे.
नाही रे, चार वाजव,
पाचवी सोड,
सहावीला खाली ये.
पाचवीनं काय केलंय?
पाचवीला नाचणारा हवेत असतो.
हवेवर काय वाजवणार तू?

सतरा वर्षं ड्रम गळ्यात.
हळदीनं पिवळ्या झालेल्या पोरांना, नवरदेवाच्या मामाला
श्वास घ्यायला जागा ठेवली नाही कधी.
भरून वाजवायचेच पैसे मिळतात.
काठी आपोआप पडायची पाचवीवर,
नाहीतर शिंक.
शिंक मात्र तालात.

स्टेशनमागच्या गल्लीतलं लग्न.
घोडा, त्यामागं जनरेटरची गाडी,
दोन्ही अंगांना वायरीत ओवलेल्या दिवेवाल्या बाया.
संथ चाल वाजवली तर लोक खरंच चालले,
मोरागत नाही,
पंगतीतून उठलेल्या माणसांगत.
मग मास्तरांनी ट्रम्पेट वर केला.

पोरं थबकली.
पाय उचलावा कुठं ते कुणाला कळेना.
काय वाजाडी ऱ्हायनात भो?
घोड्यानं तेवढे कान हलवले.

डावीकडून तिसरी, सायजा.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बारा किलोचा दिवा.
न हलण्याचे तिला तीनशे रुपये.
मान ताठ, डोळे समोर,
फक्त पाय,
उजवा, डावा, उजवा, डावा,
आणि ती टाचा सोडून वर गेली.

समोरच्या भिंतीवर
घोडा, नवरदेव, मामा, मास्तरांचा ट्रम्पेट,
सगळ्यांच्या सावल्या एकदम खाली बसल्या.
सहावीला उसळून जागेवर.

माझी काठी वरच.

जनरेटरवाला ओरडला, ए बाई, बल्ब!
मान न वळवता ती म्हणाली,
आखो एकदाव.

रात्री हिशेबात तिचे पन्नास कापले.
वायर गुंडाळणाऱ्या सायजाजवळ जाऊन
मी उगाच विचारलं,
तुला कसं कळलं, कुठं उठायचं ते?
तू थांबना, म्हनीसन मी उठनू.

मी काही बोललो नाही.
मला वाटत होतं,
ती उठली म्हणून मी थांबलो.